प्रपंचातला नेम : उतारवयाची तरतूद

‘साठवून काय बरोबर न्यायचे आहे? पांडुरंग आहे ना बघायला!’ असे बोलणे आपल्या मंडळींत वारंवार ऐकू येते. बोलणाऱ्याच्या श्रद्धेविषयी आम्हांस शंका नाही. पण हेच गृहस्थ आषाढीला निघताना काय करतात ते पाहावे. दिंडीची वर्गणी आधीच भरलेली असते. पिशवीत दोन धोतरे, पावसासाठी प्लास्टिकचा कागद, औषधाच्या गोळ्यांची पुडी, आणि आतल्या खिशात परतीच्या एस. टी.चे भाडे वेगळे गुंडाळून ठेवलेले. पेरणीची व्यवस्था लावून, जनावरे कोणाच्या तरी स्वाधीन करून मग ते घर सोडतात. वीसएक दिवसांच्या वाटचालीची एवढी तरतूद करणारा माणूस साठीनंतरच्या वीस वर्षांचे ओझे मात्र खुशाल पांडुरंगावर टाकतो. हे कसे काय? वारीची तरतूद केली म्हणून कोणाची श्रद्धा उणी झाल्याचे आम्ही तरी ऐकलेले नाही.

संग्रह आणि तरतूद या दोहोंची आपल्याकडे गल्लत झाली आहे. पोटापुरते असूनही आणखी हवे, शेजाऱ्याहून जास्त हवे, हा संग्रह. संतांनी निंदा केली ती याची. हातपाय चालेनासे झाल्यावर आपला भार दुसऱ्यावर पडू नये, म्हणून हातपाय चालतात तोवर बाजूला ठेवायचे, ही तरतूद. तुकोबारायांनी कर्जखते इंद्रायणीत बुडविली ही कथा सर्वांस ठाऊक आहे, पण पुष्कळांना ती अर्धीच ठाऊक असते. परंपरा असे सांगते की, खतांचे आधी दोन वाटे झाले. धाकटे बंधू कान्होबा यांचा वाटा त्यांच्या हवाली केला, आणि तुकोबांनी बुडविला तो स्वतःचा वाटा. भावाच्या हक्काचे द्रव्य त्यांनी आपल्या वैराग्यात बुडविले नाही. आमच्यातले कित्येक जण बेफिकिरीला वैराग्य म्हणतात, तेव्हा त्यात बायकोच्या म्हातारपणाचा आणि मुलाच्या उमेदीच्या वर्षांचा वाटा असतो हे ते विसरतात.

नाथमहाराजांचीही एक कथा आहे. देवगिरीस जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना हिशेबात एका पैचा फरक राहिला, तो सापडेपर्यंत ते रात्र जागले. कीर्तनात या कथेचा उत्तरार्ध रंगतो: एवढी एकाग्रता देवाकडे लावली तर काय होईल! तो रंगावाच. आम्ही येथे मुद्दाम पूर्वार्धापाशी थांबतो. एका पैसाठी रात्र जागणारे नाथ ज्या संप्रदायात झाले, तेथे आपल्या पासबुकात काय आहे हे माणसाला सांगता येऊ नये, हे काही बरे नव्हे.

पूर्वी ही चिंता नव्हती, असे म्हातारी माणसे सांगतात. ते बऱ्याच अंशी खरे आहे. शेत एकत्र होते, चूल एक होती, चार मुलांतला एक तरी जवळ असे. दुसरीही गोष्ट ध्यानात घ्यावी. १९५१ च्या सुमारास आपल्या देशात जन्मलेल्या मुलाचे सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होते. आज ते सत्तरच्या आसपास आहे. त्या काळच्या आकड्यात बालमृत्यूंचा वाटा मोठा होता हे खरे, पण आज साठीला पोहोचलेला माणूस सरासरीने आणखी सतरा-अठरा वर्षे जगतो. इकडे बापाच्या वीस एकराचे तीन पिढ्यांत दीड-दोन एकर झाले. मुलगा चाकणच्या कारखान्यात, सून दुसरीकडे कामाला, राहायला दोन खोल्या, त्यांचे भाडे. मुलगा वाईट नसतो हो! त्याच्या दोन खोल्यांत जागा नसते आणि पगारात शिल्लक नसते. आळंदी-पंढरपुरास मठाच्या ओसरीवर बसलेली वृद्ध माणसे आपण पाहतो. त्यांतील काही विरक्तीने येऊन राहिलेली असतात. काही मात्र घरी परत जायला संकोचतात म्हणून राहिलेली असतात. त्यांच्याशी घटकाभर बोलत बसावे, म्हणजे आम्ही हा विषय या पानांवर का घेतला ते कळेल.

‘सरकारी नोकराला काय काळजी, त्याला पेन्शन!’ ही समजूतही जुनी झाली. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून नोकरीस लागलेल्यांना जुन्या पद्धतीचे पेन्शन बंद होऊन वर्गणीचे पेन्शन आले. त्यावरून मार्च २०२३ मध्ये मोठा संप झाला आणि पुढे काही फेरबदल झाले. खाजगी कारखान्यातील कामगाराला भविष्य निर्वाह निधी आहे. त्याचा कायदा १९५२ सालचा. पण त्यातील पेन्शनच्या भागातून मिळणारी किमान रक्कम २०१४ साली दरमहा १,००० रुपये ठरविली गेली. हजार रुपयांत महिनाभराचे औषध तरी येते काय?

तेव्हा आपली पुंजी आपणच उभी करायची. त्यात पहिली गोष्ट वेळेची. वेळ गेला म्हणजे काय जाते, ते २०१५ साली सुरू झालेल्या अटल पेन्शन योजनेच्या आकड्यांवरून फार स्वच्छ दिसते. तिच्यात अठरा ते चाळीस वर्षे वयाच्या माणसाला शिरता येते, आणि साठीनंतर दरमहा १,००० पासून ५,००० रुपयांपर्यंत जे पेन्शन आपण निवडू ते मिळते. ५,००० चे पेन्शन धरू. अठराव्या वर्षी सुरुवात केली तर महिन्याला २१० रुपये भरावे लागतात. तिसाव्या वर्षी ५७७. चाळिसाव्या वर्षी १,४५४. आता पाटी घेऊन गुणाकार करावा. अठराव्या वर्षी लागलेला मुलगा बेचाळीस वर्षांत १,०५,८४० रुपये भरतो. चाळिसाव्या वर्षी जागा झालेला बाप वीसच वर्षे भरतो, पण त्याचे ३,४८,९६० रुपये जातात. पेन्शन दोघांना सारखेच! मधले दोन लाख चाळीस हजारांच्या वर रुपये कोणी खाल्ले? ‘पुढच्या वर्षी बघू’ या शब्दांनी खाल्ले. मूल अठरा वर्षांचे झाले की पहिली पेन्शनची चिठ्ठी बापाने त्याच्या हातात द्यावी, असे आम्ही कीर्तनकार मंडळींनाही सुचविणार आहोत. (प्राप्तिकर भरणाऱ्यांना १ ऑक्टोबर २०२२ पासून या योजनेत नव्याने घेत नाहीत, हे लक्षात ठेवावे.)

याच आकड्यांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आम्ही अर्धेच सांगितल्यासारखे होईल. भाव दरवर्षी सहा टक्क्यांनी वाढत गेले तर बारा वर्षांत दुप्पट होतात. त्या हिशेबाने आज अठरा वर्षांच्या असलेल्या मुलाला साठाव्या वर्षी मिळणारे ५,००० रुपये आजच्या सव्वाचारशे-साडेचारशे रुपयांएवढेच काम करतील. म्हणजे ते मीठ-मिरचीला होतील, संसाराला नव्हेत. म्हणून केवळ एका योजनेत नाव घातले आणि निश्चिंत झालो, असे होत नाही. मिळकत वाढेल तसा बाजूला काढायचा वाटाही वाढवीत गेले पाहिजे.

आता खरा प्रश्न येतो तो नेमाचा. ‘उरले तर टाकू’ असे म्हणणाऱ्याचे कधीच काही उरत नाही. हे आम्ही मोठ्या पगारवाल्यांच्याही घरी पाहिले आहे. एकादशी आपण कशी करतो? पोट भरून उरेल तेवढा उपवास, असे तर करीत नाही! दशमीलाच मनाने ठरलेले असते, आणि एकादशीला घरात काय शिजते याच्याशी आपला संबंध राहत नाही. पैशाचे तसेच. पगार, दुधाचे बिल, उसाचा हप्ता, काय येईल ते आले की त्यातला ठरलेला वाटा आधी बाजूला, आणि राहिलेल्यात घर. पंधरा टक्के जमत नसेल तर पाच टक्के काढावे. शेतकऱ्याचे उत्पन्न महिन्याचे नसते, त्याने पट्टी आली त्या दिवशी काढावे. घरी येईपर्यंत थांबू नये, कारण वाटेत दुकाने फार.

सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे खाते पोस्टात किंवा बँकेत कोणालाही उघडता येते. योजना १९६८ सालची आहे. मुदत पंधरा वर्षांची, वर्षाला कमीत कमी ५०० रुपये. पंधरा वर्षे झाल्यावर पाच-पाच वर्षांनी पुढे वाढविता येते. कर्जाच्या वसुलीसाठी कोर्टाच्या हुकुमानेही त्यावर जप्ती येत नाही, ही आमच्या मते त्याची फार मोठी सोय आहे. व्याजाचा दर सरकार दर तिमाहीस ठरविते; एप्रिल २०२० मध्ये तो ७.१ टक्के केला गेला. तोच दर कायम राहील असे धरून एक हिशेब देतो. दरवर्षी एप्रिलच्या पाच तारखेच्या आत १२,००० रुपये भरणाऱ्याचे पंधरा वर्षांत १ लाख ८० हजार भरून होतात आणि हाती येतात सुमारे सव्वातीन लाख. त्याने तेथेच न थांबता आणखी पंधरा वर्षे तेवढेच भरले, तर भरलेले होतात ३ लाख ६० हजार, आणि जमलेले होतात सुमारे १२ लाख ३६ हजार. पहिल्या पंधरा वर्षांत सव्वातीन, दुसऱ्या पंधरांत नऊच्या वर. झाड तेच, पाणी तेवढेच. पण मुळे खोल गेल्यावर फळ धरते. (पाच तारखेचे म्हणाल तर, महिन्याच्या पाच तारखेपासून अखेरपर्यंत खात्यात जी कमीत कमी शिल्लक असते तिच्यावर त्या महिन्याचे व्याज धरतात. सहा तारखेला भरणाऱ्याचा महिना फुकट जातो.)

महिन्याला हजार कोठून आणायचे, असे कोणी विचारील. गळ्यात माळ असलेल्या माणसाला आम्ही उलट विचारतो. माळ घातली तेव्हा दारू सुटली, मांसमच्छर सुटले. तेवढ्या पैशाचे पुढे काय झाले? व्यसन सुटल्याचे पुण्य खात्यावर चढले असेल, पण रुपये कोणत्या खात्यावर चढले? दिवसाला वीस रुपये म्हटले तरी वर्षाचे ७,३०० होतात, आणि वरच्याच हिशेबाने तीस वर्षांत ते साडेसात लाखांवर जातात. माळेने एवढे वाचविले, ते आपण साखरपुड्याच्या मांडवात आणि मोबाईलच्या हप्त्यात घालविले.

पण चहा-पानाचा त्याग हा लहान त्याग आहे. खरी कसोटी पुंजी जमू लागल्यावर लागते. दहा वर्षे नेमाने भरणारा माणूस अकराव्या वर्षी कशाने मोडतो? जुगाराने नव्हे. मुलीच्या लग्नाने, घरावरच्या स्लॅबने, भावाच्या ट्रॅक्टरने. या सगळ्या चांगल्या, मायेच्या, हक्काच्या मागण्या असतात, आणि म्हणूनच त्या कठीण. चोराला दार लावता येते, पोटच्या मुलीला कसे लावणार? नोकरी बदलली की निधीचे पैसे काढून घेण्याची चाल कारखान्यांतून आहे. २०१४ पासून प्रत्येक सभासदास एकच कायमचा क्रमांक मिळतो, जुने खाते नव्या नोकरीत जोडून घेता येते, तरी पोरे पैसे काढतात आणि मोटारसायकल आणतात. पंचविशीत काढलेले पन्नास हजार हे पन्नास हजार नसतात. वरील दराने ते पस्तीस वर्षांत साडेपाच लाखांच्या आसपास गेले असते.

लग्नासाठी वेगळे साठवावे, घरासाठी वेगळे, आणि म्हातारपणाचे वेगळे. एका गाडग्यातून तिन्ही वाढू नये. लग्नाचे गाडगे लहान असेल तर लग्न लहान करावे. येथे बापाला लोक काय म्हणतील याची भीती वाटते. वारीत आपण एकमेकांच्या पाया पडतो, तेथे कोणी कोणाची ऐपत विचारीत नाही. आणि गावी आल्यावर पाचशे पानांची पंगत, डीजे, आहेराच्या साड्या! ज्या मुलीच्या लग्नात बापाने म्हातारपण खर्चून टाकले, तीच मुलगी पुढे वीस वर्षे माहेरी येताना औषधाच्या पिशव्या आणते आणि सासरी त्याचे उत्तर देत बसते. याला प्रेम म्हणावे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. आमचा अभिप्राय आम्ही लपविलेला नाही.

ठेवायचे कोठे, याबद्दलही दोन शब्द. कोठेही बाहत्तरचा आडाखा वापरावा. बाहत्तरला व्याजदराने भागले की किती वर्षांत दुप्पट होईल ते कळते. सात टक्क्यांना दहा वर्षे लागतात. ‘दोन वर्षांत दामदुप्पट’ म्हणणारा छत्तीस टक्के देऊ म्हणतो आहे. तो ते कोठून आणणार हे विचारावे आणि घरची वाट धरावी. गावच्या पतसंस्थेत चेअरमन ओळखीचा असतो, हरिनाम सप्ताहाला देणगी देतो, म्हणून आयुष्याची पुंजी तेथे ठेवणारे पुष्कळ आहेत. बँकेतील ठेवीला एका बँकेत एका ठेवीदारामागे पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे, ही मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये वाढविली गेली. पतसंस्थेच्या ठेवीला हा विमा लागू नाही. सगळ्या पतसंस्था वाईट असे आम्ही म्हणत नाही. पण बुडालेल्या पतसंस्थेच्या दारात पावती घेऊन उभी राहिलेली सत्तरीची माणसे आम्ही पाहिली आहेत.

शेतकऱ्याची पुंजी म्हणजे जमीन. ती मुलांच्या नावे करून मोकळे व्हावे आणि नामस्मरण करीत बसावे, असे पन्नाशी-साठीत वाटू लागते. विचार चांगला, पण घाई नको. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठी २००७ साली कायदा झाला. त्याच्या कलम २३ प्रमाणे, सांभाळण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि पुढे सांभाळले नाही, तर ती देणगी रद्द ठरविता येते. प्रांतसाहेबांपुढे अर्ज करावा लागतो. पण ती अट दस्तात लिहिलेली असावी. तोंडी विश्वासाने केलेल्या बक्षीसपत्रावर पुढे वाद घालीत बसण्यापेक्षा, दस्ताच्या वेळी दोन ओळी जास्त लिहिलेल्या बऱ्या. त्याहून बरे म्हणजे हयातीत सातबारा आपल्या नावे असू द्यावा. दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्या, अठरा ते चाळीस वयाच्या शेतकऱ्यासाठी २०१९ साली मानधन योजना निघाली: वयाप्रमाणे महिन्याला ५५ ते २०० रुपये भरावे, तेवढेच सरकार भरते, आणि साठीनंतर ३,००० रुपये. दोन हेक्टरांत बसणारे कितीतरी जण आपल्या दिंड्यांत असतील. त्यांनी तलाठ्याकडे किंवा सेवा केंद्रात जाऊन चौकशी करावी.

ज्यांचा रोजचाच मेळ बसत नाही, त्या भूमिहीन मजूर भगिनींना आम्ही साठवा म्हणून उपदेश करणार नाही. उपाशी पोटाला एकादशी सांगू नये. त्यांच्यासाठी पासष्ट वर्षांनंतर श्रावणबाळ योजना आहे, जिचे मानधन २०२३ साली दरमहा १,५०० रुपये केले गेले. तो अर्ज भरून देणे हे गावातल्या शिकलेल्या माळकऱ्याचे काम आहे. पारायणाच्या मांडवात एक टेबल टाकले तरी पुष्कळ होईल.

राहिला माउलींचा प्रश्न. बाई बहुधा नवऱ्याहून वयाने लहान असते आणि बहुधा त्याच्यामागे जगते. म्हणजे घरातले सर्वांत लांब म्हातारपण तिचे. पण खाती नवऱ्याच्या नावे, जमीन नवऱ्याच्या नावे, आणि तिच्याकडे तांदळाच्या डब्यात लपविलेल्या चार नोटा. बचत गटात तिने जमविलेले असतात तेही घरच्याच अडचणीला जातात. अटल पेन्शनमध्ये नवऱ्यामागे बायकोला तेवढेच पेन्शन पुढे चालते, आणि दोघांच्या मागे जमा रक्कम वारसास मिळते; पण हे तिला ठाऊक असेल तर ना! वारकऱ्याने पुढच्या एकादशीला फराळ झाल्यावर एवढे करावे. सगळी पासबुके, पावत्या, विम्याचे कागद एका रुमालात बांधावेत. प्रत्येक खात्याला वारस म्हणून कोणाचे नाव लावले आहे ते पाहावे. कित्येकांच्या खात्यावर अजून वारलेल्या आईचे नाव असते. जमेल तेथे खाते दोघांच्या नावे करून घ्यावे. मग बायकोला शेजारी बसवून प्रत्येक कागद कोणत्या पोस्टाचा, कोणत्या बँकेचा, ते तिच्या हाती देऊन सांगावे. तिला वाचता येत नसेल तर कागदावर खुणा कराव्यात, आणि रुमाल ज्या पेटीत ठेवायचा तिची किल्ली तिच्याजवळ द्यावी.